रंग आणि उजेड

भंडारा जिल्ह्यात राहणाऱ्या मनुष्यास बुरशीची निराळी ओळख करून द्यावी लागत नाही. मृगाच्या सरी पडून गेल्या की ती आपण होऊन घरात येते. कोपऱ्यातल्या चामडी जोड्यावर ती हिरवी चढते, झाकण सैल राहिलेल्या लोणच्याच्या बरणीत पांढरी तरंगते, आणि कपाटातल्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर करडे ठिपके उमटवून जाते. गावाभोवती तलाव, तलावांखाली धानाच्या बांध्या, बांध्यांत पोटरीभर चिखल, आणि त्या चिखलात रोवणीसाठी वाकलेल्या बायांच्या रांगा, असा हा मुलूख. कोहळी लोकांनी पूर्वी बांधलेल्या ज्या तलावांनी येथल्या माणसांस अन्न दिले, त्यांच्याच पाण्याने त्यांच्या कातडीस रोगही दिला. बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडून सोलते व आग करते, त्या चिखल्या. जांघेत, काखेत किंवा कमरेस नेसूच्या गाठीखाली तांबड्या गोल कडा पसरत जातात, ते गजकर्ण. दोन्ही बहुधा बुरशीचेच खेळ. या रोगांनी माणूस मरत नाही, म्हणून त्यांची दाद कोणी घेत नाही. परंतु रात्रभर खाजवून सकाळी पुन्हा चिखलात उतरणाऱ्या बाईस विचारले, तर ती निराळे सांगेल.

आमच्या लहानपणी रोवणी आटोपून बाया सायंकाळी विहिरीवर पाय धुवावयास येत. आमची आजी तेव्हा तेलात हळद खलून एका वाटीत ओसरीच्या पायरीवर ठेवीत असे. जिचे पाय अधिक फाटलेले असतील तिला ती बजावी, ‘उद्या उघाड पडली तर घटकाभर उन्हात पाय पसरून बैस गं.’ ऊन कशासाठी, हे तिने कधी सांगितले नाही व आम्ही कधी विचारले नाही. तिचेच दुसरे एक ज्ञान वाचकांच्या घरांतही असेल. हळदीचा डाग साबणाने जात नाही, उलट साबण लागताच तो लाल होऊन बसतो. पण तेच धोतर धुऊन कडक उन्हात पसरले की दोन दिवसांत डाग आपोआप उडतो. हळद आणि ऊन यांचे आपसांत काही देणेघेणे आहे, हे तेव्हाच आमच्या ध्यानी यावयास हवे होते. ते आले पुष्कळ वर्षांनी, आणि तेही एका जर्मन विद्यार्थ्याच्या गोष्टीवरून.

ही गोष्ट म्युनिच शहरातली. हेर्मान फॉन टाप्पाइनर या अध्यापकांच्या हाताखाली ऑस्कार राब नावाचा विद्यार्थी ॲक्रिडीन नामक रंगद्रव्याचा विषारीपणा तपाशीत होता. पाण्यातील पॅरामेशियम हे सूक्ष्म जीव त्या रंगात सोडावयाचे आणि ते किती वेळाने मरतात हे मोजावयाचे, एवढेच त्याचे काम. परंतु मोजमाप जुळेना. तोच रंग, तेवढेच पाणी, तेच जीव. तरी एके दिवशी ते झटपट मरत, आणि दुसऱ्या दिवशी कितीतरी वेळ खुशाल पोहत राहत. सांगतात ते असे की, ज्या दिवशी ते जगले त्या दिवशी आभाळ भरून येऊन वादळ झाले होते. एखाद्या आळशी विद्यार्थ्याने तो दिवस वहीतून गाळून टाकला असता. राबने आभाळाकडे पाहिले. अंधारात तेवढा रंग निरुपद्रवी, रंगावाचून तो उजेड निरुपद्रवी. दोहोंची गाठ पडली म्हणजे मात्र मरण, हे त्याने दाखवून दिले आणि १९०० साली प्रसिद्ध केले. पुढे असेही आढळले की या दोहोंस तिसरा सोबती लागतो, तो म्हणजे प्राणवायू. १९०३ साली टाप्पाइनर व येसिओनेक या दोघांनी इओसीन हा रंग लावून व त्यावर उजेड पाडून त्वचेच्या रोगांवर उपचार करून पाहिले. त्याच वर्षी डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांस, उजेडाने त्वचेचा क्षय बरा करण्याच्या कामगिरीबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. उजेड हे औषध होऊ शकते, ही कल्पना तेव्हा हवेतच होती म्हणावयाची.

या त्रिकुटाचा व्यवहार समजण्यास कठीण नाही. निळी वस्तू निळी का दिसते? उजेडातील तांबडा भाग तिने गिळलेला असतो म्हणून. मेथिलीन ब्लू हा निळा रंग सुमारे ६६० नॅनोमीटर लांबीच्या तांबड्या लहरी गिळतो. रोझ बेंगाल नावाचा गुलाबी रंग सुमारे ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या लहरी गिळतो. हळदीचे पिवळे द्रव्य, ज्यास कुर्क्युमिन म्हणतात, ते निळा उजेड गिळते. ही गिळलेली शक्ती रंगाच्या कणास पचत नाही. शेजारच्या प्राणवायूस ती देऊन तो मोकळा होतो, आणि एरवी गरीब असलेला तो प्राणवायू पिसाळतो. या पिसाळलेल्या प्राणवायूचे आयुष्य पाण्यात सेकंदाच्या काही दशलक्षांशांहून अधिक नसते; तेवढ्या अवधीत केसाच्या जाडीइतकाही प्रवास त्यास घडत नाही. परंतु रंग जेथे चिकटला आहे तेथे समोर येईल ते तो जाळीत सुटतो. बुरशीच्या पेशीचे आवरण, तिच्यातील स्निग्ध द्रव्ये, प्रथिने, काहीच त्याच्या तडाख्यातून सुटत नाही. म्हणून जेथे रंग लावावा आणि जेथे उजेड पाडावा तेथेच घाव बसतो. अंगभर औषध फिरविण्याचे कारण उरत नाही.

मौज अशी की हे रंग मुळात कापडासाठी जन्मास आले. मेथिलीन ब्लू हा हाइनरिख कारो याने १८७६ साली तयार केला. रोझ बेंगाल हा रॉबर्ट ग्नेम या स्विस रसायनज्ञाने १८८२ साली. आमच्या जिल्ह्यात आंधळगावाकडे कोशाचे रेशीम विणणारे कोष्टी आहेत. रंग म्हणजे वस्त्राचे भूषण, एवढेच त्यांस ठाऊक आणि एवढेच आम्हांसही ठाऊक होते.

यावर कोणी म्हणेल, गजकर्णावर मलमे काय थोडी आहेत? मलमे पुष्कळ आहेत, आणि दुखणे तेथेच आहे. गेल्या काही वर्षांत गजकर्णाने आपल्या देशात निराळेच रूप धारण केले आहे. एकाचे घरभर होते, गेलेले पुन्हा उलटते, आणि ज्या टर्बिनाफीन औषधाने ते पूर्वी हटकून जाई त्यास ते जुमानीत नाही. या बुरशीस २०२० साली जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव दिले. त्या नावात आपल्या देशाचे नाव गोवले गेले आहे, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. टर्बिनाफीनचा घाव पेशीतील ज्या एका विकरावर बसतो, त्याचीच ठेवण औषधास दाद न देणाऱ्या बुरशीत बदललेली आढळते. कुलूप बदलले आणि किल्ली निकामी झाली. त्यात भर पडते ती दुकानातून कोणासही न विचारता आणलेल्या, स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांची. ती लावली की खाज दोन दिवसांत थांबते, तांबडेपणा ओसरतो, आणि खाली बुरशी निर्धास्तपणे पसरत राहते. रोगी समजतो, गुण आला. गुण आल्याचा हा भास किती महाग पडतो, हे पुढे सांगावयाचेच आहे.

रंग व उजेड यांच्या उपायाचे महत्त्व येथे आहे. किल्ली घेऊन आलेला चोर कुलूप बदलल्याने अडतो. घरास आग लावणाऱ्यास कुलपाशी काही कर्तव्य नसते. पेशीत एकाच वेळी ठिकठिकाणी होरपळ उडाली असता एखाददुसऱ्या फेरबदलाने बुरशीस निसटून जाणे कठीण पडते. औषधांस न जुमानणाऱ्या बुरशीही प्रयोगशाळेत या मार्गाने मेलेल्या आहेत. ब्राझीलमधील काही वैद्यांनी पायाच्या नखांतील बुरशीवर मेथिलीन ब्लू लावून तांबडा उजेड पाडण्याचा उपचार फ्लुकोनाझोलच्या गोळ्यांशी ताडून पाहिला व २०१४ साली आपले निष्कर्ष छापले. त्यात रंग व उजेड यांची सरशी झाली. त्याच देशात २०११ च्या सुमारास कॅंडिडा या बुरशीवर कुर्क्युमिन आणि निळा उजेड यांचे प्रयोग झाले, आणि हळदीच्या रंगाने उजेडाच्या साहाय्याने ती बुरशी मारली.

हे वाचले तेव्हा आजीची वाटी आम्हांस आठवली, आणि छाती थोडी फुगलीही. आपल्या पूर्वजांस सर्व काही ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह अशा वेळी कोणास होत नाही? आपल्या वैद्यांनी कोडावर बावचीचा लेप लावून उन्हात बसविण्याची रीत पूर्वापार चालविली आहे. बावचीतील द्रव्य उन्हाने जागे होते, आणि प्रमाण चुकले तर कातडीवर फोड उठविते, हे आता सिद्धच आहे. परंतु आजीच्या वाटीविषयी आम्हांस तसे छातीठोकपणे म्हणता येत नाही. कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. उन्हात तर हळदीचा रंगच उडतो, हे धोतरानेच आम्हांस शिकविले. त्या बायांच्या चिखल्या बऱ्या झाल्या असतील, त्या बहुधा पाय धुतले गेले व घटकाभर कोरडे राहिले म्हणून. आजीच्या मायेस या हिशेबाने उणेपणा येत नाही. मात्र माया आणि औषध या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे ज्या प्रसंगाने आम्हांस शिकविले तो लिहिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

सुमारे बारा वर्षांपूर्वीच्या कार्तिकातील गोष्ट. धान कापून खळ्यावर आले होते आणि मळणी चालू होती. आमच्या बांधीवर वर्षानुवर्षे कामास येणारी एक बाई, जिला घरातील सर्वजण मावशी म्हणतात, डोळा चोळीत ओसरीपाशी आली.

‘डोऱ्यात कुस गेली जी,’ ती म्हणाली.

‘चोळू नको मावशी, पाण्याने धू,’ आम्ही सांगितले.

तिने डोळा धुतला व ती कामास गेली. दुसऱ्या दिवशी डोळा लाल झाला होता. आम्ही पडलो सुशिक्षित. अशा वेळी आपणांस काही कळते असे वाटणे ओघानेच आले. घरातल्या एका वडील माणसाची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, त्या वेळच्या थेंबांची अर्धी कुपी कपाटात उरली होती. तिने लाली झटकन उतरते एवढे आम्ही पाहिले होते. ती आम्ही मावशीस दिली. ‘बरं वाटते जी,’ असे तिने तिसऱ्या दिवशी सांगितले, आणि आम्ही मनातल्या मनात आपलीच पाठ थोपटली.

आठवड्याने ती पुन्हा आली तेव्हा तिच्या बुबुळावर करडा-पांढरा ठिपका पडला होता व त्याच्या कडा पिसासारख्या फाटलेल्या होत्या. आम्ही तिला नागपुरास घेऊन गेलो. डॉक्टरांनी कुपीवरील नाव वाचले आणि एवढेच विचारले, ‘हे कोणी दिले?’ त्या थेंबांत स्टिरॉइड होते. त्याने लाली उतरली होती, दुखणे शमले होते, आणि कुसाबरोबर बुबुळात शिरलेल्या बुरशीस मोकळे रान मिळाले होते. नाटामायसीनचे थेंब प्रथम तासातासाला, मग दोनदोन तासांनी, असे दोन महिने चालले. व्रण भरला, परंतु बुबुळावर फूल पडले. त्या डोळ्यास आता उजेड व अंधार यांहून अधिक काही कळत नाही. मावशीने आम्हांस कधी एका शब्दाने दोष दिला नाही. देती तर बरे वाटले असते.

त्या दिवसापासून आम्ही या रोगाची माहिती शोधू लागलो. बुबुळातील बुरशीचे पहिले वर्णन टेओडोर लेबर या जर्मन नेत्रवैद्याने १८७९ साली केले. तो रोगी शेतकरीच होता. मळणी करताना ओट धान्याचे तूस त्याच्या डोळ्यात उडाले होते. जर्मनीतले खळे आणि वैनगंगेकाठचे खळे, यांत अंतर पुष्कळ, व्यथा एकच. हा रोग शेतात राबणाऱ्याचा आहे, आणि म्हणूनच तो दवाखान्यात उशिरा पोहोचतो.

याच शोधात रंग व उजेड यांची गोष्ट आमच्या हाती लागली. रोझ बेंगालशी नेत्रवैद्यांचा परिचय जुना आहे. डोळ्याच्या पृष्ठभागावरील इजा दिसावी म्हणून ते तो रंग घालीत आले आहेत. दिसण्यासाठी घातलेला हा रंग मारण्यासाठीही वापरता येईल, या विचाराने अमेरिकेतील मायामी येथील बॅस्कम पामर नेत्रसंस्थेतल्या संशोधकांनी फ्युझेरियम, ॲस्परजिलस व कॅंडिडा या तीन बुरशींवर त्याचे प्रयोग केले. रंग व हिरवा उजेड एकत्र येताच तिन्हींची वाढ खुंटली. हे २०१४ साली छापून आले. २०१७ साली, औषधांस दाद न देणाऱ्या फ्युझेरियमने ग्रासलेल्या एका डोळ्यावर हा उपचार केल्याचे वृत्त आले. आणि २०१९ साली तेथल्या १८ डोळ्यांचा अहवाल निघाला, त्यांपैकी सुमारे पाऊण डोळे रोगासाठी बुबुळ बदलण्याच्या शस्त्रक्रियेवाचून निभावले.

हे वाचताना आमच्या मनात काय आले असेल, हे वाचकांनी ओळखले असेलच. हा हिरवा उजेड त्या कार्तिकात भंडाऱ्यास असता तर? परंतु आम्ही एकदा उतावळेपणाने एक डोळा घालविला आहे, तेव्हा पुन्हा उतावळेपणा नको. त्या अठरांपैकी पुष्कळ डोळ्यांत बुरशीऐवजी अमीबा होता, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. याच जातीचा दुसरा एक उपाय, रायबोफ्लेविन हे पिवळे जीवनसत्त्व व अतिनील किरण यांचा, मदुरै येथील अरविंद नेत्ररुग्णालयात बुरशीच्या व्रणांवर रीतसर कसोटीस लावला गेला. २०२० साली त्याचा निकाल आला तो निराशेचा. लाभ काही दिसला नाही, उलट दृष्टीच्या बाबतीत उपचार न झालेल्यांचीच स्थिती थोडी बरी निघाली. २०१३ साली त्याच रुग्णालयाच्या साहाय्याने झालेल्या तुलनेत नव्या व्होरिकोनाझोलपेक्षा जुने नाटामायसीनच सरस ठरले होते, आणि फ्युझेरियमच्या बाबतीत तर निश्चितच. मावशीस जे थेंब मिळाले ते योग्यच होते. ते उशिरा मिळाले, एवढेच.

उजेडाच्या औषधाची मर्यादाही हीच आहे. रंग जेथवर मुरतो आणि उजेड जेथवर पोहोचतो, तेथवरच त्याची सत्ता. बुरशी वरच्या थरात असेतो तिला जाळता येईल. ती खोल उतरली म्हणजे वरचा उजेड तिला दिसतही नाही. म्हणजे उपाय रंगाचा असो की थेंबांचा, त्याची सारी भिस्त माणूस केव्हा पोहोचला यावर आहे. नेपाळातील भक्तपूर येथे गावोगावच्या साध्या कार्यकर्त्यांनी, डोळ्यास खरचटलेल्या माणसांस लगोलग क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम लावण्याचा उपक्रम केला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वृत्तांतात असे आहे की ज्यांस इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत मलम मिळाले, त्यांच्यापैकी एकासही व्रण झाला नाही. तेथे ना हिरवा उजेड होता ना गुलाबी रंग. खरचटलेला डोळा त्याच दिवशी जाणत्या माणसाने पाहिला, एवढेच तेथे घडले.

राबच्या प्रयोगात रंग, उजेड आणि प्राणवायू हे तिघे एका ठिकाणी एका क्षणी भेटले म्हणजेच कार्य होई. आमच्या खळ्यावरही एक तिसरी वस्तू कमी पडली होती. औषध नागपुरास होते, रोग ओसरीवर होता. मधले आठ दिवस आम्ही आपल्या शहाणपणाने भरून काढले. रंग-उजेडाचे हे शास्त्र पुढे जाईल, याविषयी आम्हांस संशय नाही. औषधांस न जुमानणाऱ्या गजकर्णावर तरी ते एके दिवशी आपल्या जिल्ह्याच्या दवाखान्यात येईल, अशी आम्हांस आशा आहे. परंतु ते आले तरी त्याच्याजवळ रोगी वेळेवर नेण्याचे काम आमच्यासारख्यांचेच राहील. आणि ते होत नसेल, तर निदान अर्धी कुपी कपाटातून काढून देण्याचा परोपकार तरी आम्ही करू नये.

आमच्या घरी आता उरलेले थेंब ठेवीत नाहीत. मळणीच्या दिवसांत खळ्यावर साध्या काचेचे चश्मे ठेवलेले असतात, आणि कोणाच्या डोळ्यात कुस गेली तर हातातले काम टाकून त्यास त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावयाचे, असा नियम आहे. पहिल्या वर्षी मावशीच्या हाती चश्मा दिला तेव्हा तो उलटसुलट करून पाहत ती म्हणाली, ‘मले एकच काच पुरे होते जी.’ बाकीच्या बाया हसल्या. तीही हसली. मग चश्मा लावून, सूप उचलून ती धान उफणावयास गेली.